गोदाम बांधाल तेव्हा बांधा, पण या सोयाबीनच्या आधी सोसायटीत ओलावा मोजायचं मीटर आणा

प्रति,
विदर्भातल्या सगळ्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांचे अध्यक्ष, संचालक मंडळी आणि सचिव भाऊ,

रामराम.

हे पत्र आत्ताच लिहायचं कारण म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत तुम्हाला आमसभा घ्यावी लागते, आणि आमसभा झाली की आठ-पंधरा दिवसांत सोयाबीन सवंगणीला येते, मग कोणाला कोणाकडे पाहायला वेळ राहत नाही. म्हणून जे मागायचं ते आत्ताच मागून राहिली.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावची. चार एकर कोरडवाहू वावर आहे, सोयाबीनमध्ये तूर आणि एका तुकड्यात पराटी, म्हणजे कापूस. तीन वर्षांपासून मी स्वतः सोसायटीची सभासद आहे, आधी फक्त घरच्यांच्या नावावर होतं. पेरणीसाठी कर्ज, खताची गाडी, वसुली या सगळ्यावर आमसभेत बोलणं होते. पण पीक घरात आल्यावर त्याचं काय होते यावर मी एकदाही चर्चा ऐकली नाही. दाणा वावरातून निघाला की सोसायटीचं काम संपलं असंच सगळे धरून चालतात आणि माझं म्हणणं आहे की तिथूनच पुढे आमचं जे जाते ते कोणाच्या हिशोबात नाही.

आमचंच सांगते. २०२४ च्या जानेवारीत तूर निघाली, साठ-साठ किलोचे सहा कट्टे घरी ठेवले, म्हणजे ३ क्विंटल ६० किलो. तेव्हा बाजारात भाव ९ हजाराच्या घरात होता आणि सगळे म्हणत होते की वाढणार आहे, थांबा. आम्ही थांबलो. आणि भाव खरंच वाढला, उन्हाळ्यात ११ हजाराच्या वर गेला. जूनमध्ये पेरणीला पैसा पाहिजे म्हणून कट्टे बाहेर काढले तर कट्ट्याच्या शिवणीतून पीठ गळून राहिलं होतं. तोंड सोडलं तर वरच काळपट भुंगे चालत होते, दाण्यादाण्याला गोल छिद्र. काट्यावर घातलं तर ३ क्विंटल ३१ किलो भरलं. त्यातली थोडी घट वाळल्याची असेल, पण घट ही लहान गोष्ट आहे, खरा मार भावात बसला. व्यापाऱ्याने मूठभर दाणे हातावर घेतले, फुंकर मारली आणि ८,२०० सांगितले. डागी माल आहे, घ्यायचं तर घ्या नाही तर घरी न्या. पेरणी तोंडावर होती, दिली. चांगली तूर राहिली असती तर ३९ हजाराच्या वर आले असते, हाती आले २७ हजार. बारा हजार रुपये सहा कट्ट्यांत. आमच्यासारख्या घरात बारा हजार म्हणजे बियाणं आणि खताची एक खेप. जानेवारीतच विकली असती तरी यापेक्षा पाच हजार जास्त आले असते, म्हणजे थांबायची शिक्षा झाली आम्हाला.

हे आमच्या एकट्या घरचं नाही. लुधियानाला सीफेट नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, काढणीनंतरच्या कामावर संशोधन करणारी, त्यांचा २०१५ चा अहवाल आहे, त्यात कडधान्यात काढणीपासून पुढे ६.३६ ते ८.४१ टक्के माल वाया जाते असं आहे आणि तृणधान्यात ४.६५ ते ५.९९ टक्के. त्यात काढणी, मळणी, वाहतूक, साठवण सगळंच आलं. पण हा आकडा वजनाचा आहे साहेब. ८,२०० मध्ये गेलेली तूर या आकड्यात दिसत नाही, कारण ती वाया गेली नाही, ती फक्त स्वस्तात गेली.

आता भुंगा कुठून येते ते सांगते, कारण मलाबी हे उशिरा कळलं. आम्ही समजत होतो की घरात येते, कोपऱ्यातून, भिंतीतून. तसाही येते, जुन्या कट्ट्यातून तर हमखास येते. पण तुरीचा भुंगा वावरातच शेंगेवर अंडी घालते. म्हणजे हडंब्यातून, मळणीच्या यंत्रातून, निघालेली स्वच्छ दिसणारी तूर घरी येते तेव्हा त्यातल्या काही दाण्यांत तो आधीच बसलेला असते. दाण्यावर पांढरा बारीक ठिपका दिसला तर ते अंडं. अळी निघाली की सरळ दाण्याच्या आत शिरते, बाहेरून काहीच कळत नाही, आतून खात राहते आणि महिनाभरात भुंगा होऊन गोल छिद्र पाडून बाहेर. एक मादी सत्तर-ऐंशी, कधी शंभर अंडी घालते. उन्हाळ्याच्या गरमीत एक पिढी तीन-चार आठवड्यांत होते. जानेवारीला शंभर भुंगे असले तर जूनपर्यंत चार-पाच पिढ्या होतात, हिशोब तुम्हीच करा. म्हणून मार्चपर्यंत सगळं छान दिसते आणि मे महिन्यात एकदम पीठ.

माझ्या सासूबाई म्हणतात आमच्या काळी एवढं लागत नव्हतं. आधी मी ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची, आता नीट विचारते. त्यांच्याकडे कणगी होती, बुरडाकडून विणून घेतलेली, आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपलेली, खाली दगड देऊन जमिनीपासून उचललेली. तूर चार-पाच दिवस कडक वाळवायची, दाताखाली कट्टकन फुटली पाहिजे, मग चुलीची चाळलेली राख मिसळून भरायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि वरून तोंड लिंपून बंद. एकदा लिंपली की पोळ्यापर्यंत हात लावायचा नाही. खायला लागणारी वेगळी मडक्यात. आणि ज्यांच्याकडे जास्त ज्वारी व्हायची त्यांची पेवं होती, जमिनीतली. पेव उघडलं की कोणाला लगेच आत उतरू देत नव्हते, आधी दिवा सोडून पाहायचे, विझला तर थांबायचे. मला हे ऐकताना लक्षात आलं की दिवा विझते म्हणजे आतली हवा संपलेली असते, आणि जिथे माणूस जगत नाही तिथे किडा तरी कसा जगेल. म्हणजे आपल्या बुढ्या लोकांना कोणी शिकवलं नव्हतं तरी दाणा हवाबंद ठेवायचा हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

कणग्या गेल्या. घरं सिमेंटची झाली, बुरडाचं काम करणारे घरं कमी झाले, आणि सोपं म्हणून आपण युरियाचे धुतलेले कट्टे वापरायला लागलो. कट्टा विणलेला असते, हवा जाते, पावसाळ्याची दमट हवाबी जाते, भुंग्याला दार उघडंच.

२०२५ च्या जानेवारीत मी हवाबंद पिशव्या मागवल्या. एका नातेवाईक पोराने मोबाईलवर दाखवलं. पिक्स बॅग म्हणतात एका प्रकाराला, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात चवळीसाठी शोधलेली, तिथल्या लहान कास्तकारांची चवळी अशाच भुंग्याने खाल्ली जायची. बाहेर साधा विणलेला कट्टा, आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या. दाणे भरायचे, हवा दाबून काढायची, आतली पिशवी पिळून दुमडून बांधायची, मग दुसरी वेगळी बांधायची, मग कट्टा. आत जे भुंगे, अळ्या असतात ते श्वास घेऊन घेऊन आतला ऑक्सिजन संपवतात आणि मग स्वतःच थंड पडतात, खाणं बंद, अंडी बंद, मरतात. औषध नाही, पावडर नाही, गोळी नाही. पेवाचंच काम, पण पन्नास किलोच्या मापात.

मला वाहतूक धरून एक पिशवी दोनशेच्या आसपास पडली. सहा घेतल्या. श्रावणात पहिली उघडली तेव्हा सासूबाई बाजूला बसल्या होत्या, त्यांनी हात घालून खालपर्यंत दाणे वर काढले आणि म्हणाल्या, "हे तं आत्ताच खळ्यावून आनल्यासारखी आहे वं." भुंगे होते, पाच-सात, मेलेले. वजनात घट काढायला गेली तर हाताच्या काट्यावर कळेना एवढी कमी. आता खरं ते सांगते, त्या वर्षी भाव वाढला नाही, उलट हमीभावाच्या खाली गेला, तर पिशवीने भाव मिळवून दिला असं मी म्हणणार नाही. पण तूर चांगली होती म्हणून आम्हाला घाबरून विकावी लागली नाही, दोन पिशव्या विकल्या आणि बाकीची डाळ करून घरी ठेवली आणि थोडी गावातच विकली. २०२५-२६ च्या तुरीला केंद्राने ८,००० हमीभाव सांगितला होता. म्हणजे त्या भावाने पन्नास किलोची एक पिशवी भरून तूर ४,००० रुपयांची होते. त्यातलं पाच टक्के जरी भुंग्याने खाल्लं तर दोनशे गेले, तेवढ्यात पिशवी आली. आणि फाटली नाही तर पुढच्या सालीबी चालते.

पण पिशवीची एक अट आहे आणि इथूनच माझं तुमच्याकडे मागणं सुरू होते. माल ओला असला आणि हवाबंद केला तर भुंगा मरेल पण बुरशी येईल, वास येईल, माल कट्ट्यात सडायचा तो पिशवीत सडेल. तूर-हरभरा ९-१० टक्क्यांपर्यंत वाळला पाहिजे, गहू-ज्वारी १२ च्या आत, सोयाबीन १० ते १२. आता हे आम्ही कशाने मोजायचं? दाताने? सासूबाईंचा दात बरोबर सांगते पण माझा सांगत नाही, आणि दाताला १२ आणि १५ मधला फरक कळत नाही. घरी करता येण्यासारखी एक खूण आहे, कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ आणि दाणे टाकून झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं, मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर आहे. ही करून पाहा, फुकट आहे. पण मीठ नाही चिकटलं म्हणजे १५ च्या खाली आहे एवढंच कळते, १४ आहे का १० आहे ते नाही कळत, आणि तुरीला तोच फरक महत्त्वाचा.

बाजारात मीटर आहे. व्यापाऱ्याकडे आहे, खरेदी केंद्रावर आहे. म्हणजे ज्याला विकत घ्यायचं त्याच्या हातात मीटर आणि ज्याला विकायचं त्याच्या हातात काहीच नाही. २०२४ च्या दिवाळीत किती लोकांनी सोयाबीन ट्रॉलीत भरून नेलं आणि ओलावा १२ च्या वर म्हणून खरेदी केंद्रावरून परत आणलं, गाडीभाडं दोन्हीकडचं खिशातून. मग नोव्हेंबरमध्ये केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत चालेल असं केलं, पण तोपर्यंत गरजवंताने ४,८९२ च्या हमीभावाचं सोयाबीन पडत्या भावात व्यापाऱ्याला देऊन टाकलं होतं. गावातच मीटर असतं तर घरून निघायच्या आधी कळलं असतं की अजून दोन दिवस ऊन द्या. आणि व्यापारी १६ म्हणाला तर आपण म्हणू शकलो असतो की भाऊ, सोसायटीत सकाळी ११ आलं होतं, हे पाहा वहीत लिहून आहे.

म्हणून पहिलं मागणं हेच आहे की प्रत्येक सोसायटीत एक ओलावा मापक पाहिजे. हातात धरायचं चांगलं मीटर काही हजारांत येते, सोसायटीला ते जड नाही. दर हंगामाच्या सुरुवातीला बाजार समितीच्या मीटरशी ताडून घ्या, एक वही ठेवा, सभासदाचं नाव, पीक, तारीख, आकडा. सचिव भाऊ रोज नसतात हे मला माहीत आहे, दोन-तीन सोसायट्यांचा भार एकाच माणसावर असते. तर मीटर बचत गटाच्या बाईकडे द्या, कृषी सखी आहेत गावागावात, त्यांना एक दिवस शिकवा.

दुसरं, पिशव्या. मी सहा मागवल्या म्हणून दोनशेला पडली, सोसायटीने दोनशे सभासदांसाठी हजार मागवल्या तर नक्की कमी पडेल. खत जसं आणता तसंच आणा, खतासोबतच. पैसे तूर विकली की घ्या. तुम्ही म्हणाल हे आमच्या कामात बसत नाही, तर बसते, २०२३ च्या जानेवारीत सहकार मंत्रालयाने सोसायट्यांसाठी जे आदर्श उपविधी काढले त्यात पंचवीसच्या वर धंदे करायची मोकळीक दिली आहे, साठवण त्यात आहेच.

ताडपत्रीचंबी तसंच. परतीचा पाऊस आता दर साली सोयाबीनच्या सुडीवर, कापून रचलेल्या ढिगावर, येते, ज्याच्याकडे धड ताडपत्री नाही त्याची सुडी खालून-वरून भिजते, मग दाणा काळा, मग कितीबी वाळवा ओलाव्याचा डाग जात नाही. सोसायटीने दहा-पंधरा चांगल्या ताडपत्र्या भाड्याने ठेवल्या तर वाळवायला पण होतात आणि झाकायला पण.

सोयाबीनचा विषय निघाला म्हणून सांगते, त्याला भुंग्याचा तेवढा त्रास नाही, त्याचा वैरी ओलावा आणि आपटणं. वरचं टरफल पातळ असते, हडंबा जोरात फिरवला, कट्टा खांद्यावरून धाडकन टाकला की आत अंकुर दुखावते आणि बाहेरून दिसत नाही. घरचं बियाणं ठेवणाराने हडंब्याचे फेरे कमी करायला सांगायचं, कट्टे फळ्यांवर ठेवायचे, पाच-सातच्या वर थर लावायचा नाही. आणि मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहायची, सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. हे कृषी सहायक दर साली सांगतात, पण मे महिन्यात. मे महिन्यात उगवण पन्नास निघाली तर आता काय करणार, जे बिघडायचं ते ऑक्टोबरमध्येच बिघडलेलं असते. हेच ऑक्टोबरमध्ये सांगा.

आता जे सांगायचं ते सांगायला मला जड जाते, पण सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही.

२०२४ ची ती तूर किडली तेव्हा आम्ही विकायच्या आधी एक उपाय केला होता. एका दुकानातून, नाव घेत नाही, घरच्यांनी गोळ्या आणल्या. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या, डबा नाही, चिठ्ठी नाही, काही सांगितलं नाही, "कट्ट्यात टाकून तोंड बांधा" एवढंच. कट्टे मधल्या खोलीत होते, त्याच्या बाजूलाच सासूबाई आणि माझी लहान मुलगी झोपायच्या. रात्री दीडच्या सुमारास सासूबाई उठल्या, मळमळ, डोकं गरगरतं म्हणाल्या, आणि खोलीत सडलेल्या मासोळीसारखा, लसणासारखा वास. मुलगी उलटी करून राहिली होती. आम्ही दोघींना आधी बाहेर ओट्यावर आणलं, दारं-खिडक्या उघडल्या, गाडी करून दवाखान्यात नेलं. वाचल्या. दोन दिवस ठेवलं आणि सोडलं. मुलीला अजून त्या खोलीत झोपवत नाही मी.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटते, तो किड्याला मारते तसाच माणसाला मारते आणि त्यावर उतारा असं औषध नाही. कायद्याने या गोळ्या सरकारी संस्था आणि परवानावाले कीड नियंत्रण करणारेच जाणकाराच्या देखरेखीखाली वापरू शकतात, १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या तर २००१ पासून बंद आहेत. आणि गावात पुडीत मिळतात. आमच्या जिल्ह्याने २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेत वीसच्या वर माणसं घालवली, तेव्हा सगळ्या देशाने यवतमाळचं नाव ऐकलं. घरात धान्यासाठी ठेवलेल्या या गोळ्यांबद्दल कोण बोलते? रागाच्या भरात, कर्जाच्या टेन्शनमध्ये हाताशी अशी गोष्ट असणं किती वाईट आहे ते आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही. माझी हात जोडून विनंती आहे, सोसायटीच्या खत-औषधाच्या दुकानातून या गोळ्या सुट्या कधीच देऊ नका, आणि तुमच्या गावात कोणी देत असेल तर गप्प बसू नका. लोक गोळी काहून घेतात, कारण दुसरं काही हाताशी नाही. पिशवी वीस पावलांवर मिळाली तर गोळी कोणी घेणार नाही.

बोरिक पावडर मिसळणारेबी आहेत, तीपण पोटात जायची गोष्ट नाही. आणि औषधाच्या रिकाम्या ड्रममध्ये धान्य भरतात काही जण, कितीबी धुतला तरी नको.

बिनपैशाचे दोन उपाय माझ्या अनुभवातले आहेत, आमसभेत सांगता आले तर सांगा. एक म्हणजे आपलं ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४४-४५ डिग्री जाते. काळ्या ताडपत्रीवर तूर दोन बोटं जाडीने पसरायची, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा दगडांनी दाबायच्या, भर दुपारी तीन-चार तास. आत ६० डिग्रीच्या वर जाऊ शकते, आणि ५७ डिग्रीला तासभर राहिलं तर भुंगा, अळी, अंडी सगळं मरते असं चवळीवरच्या अभ्यासात दिसलं आहे. मग सावलीत पूर्ण थंड करायची आणि मगच भरायची, गरम भरली तर आतून घाम येते. हे खायच्या तुरीला करा, बियाण्याला नको. दुसरं, लवकर डाळ करून घ्या. हा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालते, फोडलेल्या डाळीवर त्याची वाढ होत नाही तशी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल आहे, आपल्याकडे बऱ्याच बचत गटांनी घेतली. सोसायटीने एक घेतली तर गावची तूर गावातच डाळ होईल. आम्ही जानेवारीत तूर विकतो आणि आषाढात किराणा दुकानातून डाळ विकत आणतो, आपल्याच वावरातली असेल कोणाला माहीत, हे किती दिवस करायचं.

गोदामाला माझा विरोध नाही, उलट आनंद आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या नेरपिंगळाईच्या सोसायटीत ३,००० टनांचं गोदाम झालं, केंद्राच्या धान्य साठवण योजनेत देशातल्या पहिल्या ११ सोसायट्यांत आपल्या विदर्भाची एक, २०२४ च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालं तेव्हा मला अभिमान वाटला. वखार महामंडळ आहे, पणन मंडळाची तारण योजना आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज, ६ टक्के व्याजाने, सहा महिने. चांगल्या योजना आहेत, ज्याचे चाळीस कट्टे आहेत त्याने नक्की घ्याव्या. पण माझे सहा कट्टे घेऊन मी तालुक्याला गाडी करून जाऊ, कागद करू, परत आणायला परत गाडी करू, त्यात उरते काय? आणि खायचं, बियाण्याचं, पाहुण्याला द्यायचं, लेकीच्या घरी पाठवायचं धान्य कोणी गोदामात ठेवत नाही, ते घरीच राहते. लहान कास्तकाराचं गोदाम म्हणजे त्याची मधली खोली. त्या खोलीसाठी कोणी योजना केली नाही, म्हणून सोसायटीने करावी.

एक शेवटचं. जे काही प्रात्यक्षिक घ्याल, पिशवी कशी बांधायची, मीटर कसं लावायचं, ते सकाळी अकराला सोसायटीच्या ऑफिसात घेऊ नका. अकराला बाया वावरात असतात. वाळवणं, पाखडणं, भरणं, मधूनमधून हात घालून पाहणं हे सगळं घरोघरी बाया करतात, आणि प्रात्यक्षिकाच्या फोटोत पंधरा पुरुष असतात. संध्याकाळी सातनंतर घ्या, देवळाच्या ओट्यावर घ्या, नाही तर बचत गटाच्या बैठकीतच घ्या. पिशवी बांधण्यात चूक झाली, गाठ सैल राहिली, तुरीच्या काडीने आतलं प्लास्टिक टोचलं, दर आठ दिवसांनी उघडून पाहिलं, तर सगळं वाया जाते, आणि मग लोक म्हणतील पिशवी खोटी आहे. भरायच्या आधी आतली पिशवी फुगवून तोंड दाबून पाहायचं, हवा जाते का. उंदीर असलेल्या घरात फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवायची. खायचं धान्य वेगळ्या डब्यात काढून घ्यायचं म्हणजे मोठी पिशवी परत परत उघडावी लागत नाही. जुने कट्टे वापरायचेच असले तर उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवायचे. आणि जुनं धान्य नव्यात मिसळायचं नाही, मूठभरसुद्धा नाही.

आमच्या सोसायटीला मी अर्ज दिला आहे, आमसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा म्हणून. तुमच्या गावात हे पत्र पोचलं तर तुमच्या सभासदांनीबी द्यावा, साध्या कागदावर चालते. आमची सभा ठरली की मी दोन डबे घेऊन येणार आहे, एकात २०२४ ची छिद्रं पडलेली तूर आहे, मूठभर जपून ठेवली आहे मी, आणि दुसऱ्यात २०२५ च्या श्रावणात पिशवीतून काढलेली. दोन्ही हातात घेऊन पाहा आणि मग मीटरचा ठराव घ्या.

तुमची,
दारव्हा तालुक्यातली एक सभासद